फुल फ्रेम घेऊ की आहे त्याच बॉडीवर राहू? (छंदापुरती फोटोग्राफी)

पायवाट:

बरेच महिने डोक्यात घोळतंय ते आज एकदाचं लिहून टाकते. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, लहान सेन्सरचा (क्रॉप), पाच वर्षं झाली, सोबत किटची १८-५५, ३५ एफ १.८ आणि एएफ-पी ७०-३०० अशा तीन लेन्स. फोटोग्राफी हा निव्वळ छंद, यातून पैसे कमवत नाही आणि कमवायचेही नाहीत. पण गेल्या दीडेक वर्षात भाचीच्या डान्स ग्रुपच्या तालमींचे फोटो काढायला लागले आणि तिथे माझं गाडं अडलंय. हॉलमध्ये उजेड बेताचा, मुली सतत हलणाऱ्या, शटर १/२५० सेकंदाच्या खाली नेलं की हात-पाय फराटे होतात, आणि तेवढं शटर ठेवायचं तर ७०-३०० वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो रवाळ होतो) ६४०० च्या खाली येतच नाही. घरी येऊन फोटो उघडला की काळ्या भागात नुसती रवाळ वाळू, केसांचं टेक्श्चर गायब.

मागच्या आठवड्यात मैत्रिणीने तिचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, झेड५ आणि ८५ एफ १.८ लेन्स दोन संध्याकाळी वापरायला दिला. खरं सांगते, फोटो बघून मी गप्प बसले. तोच हॉल, त्याच मुली, आणि चेहऱ्यावर घामाचा थेंब सुद्धा स्वच्छ दिसतोय, मागची भिंत विरघळून गेलीये. तेव्हापासून मन ठरल्यासारखंच आहे की आता फुल फ्रेम घ्यायचा, पण रक्कम मोठी आहे आणि घाईत निर्णय घ्यायची इच्छा नाही. ज्यांनी ही उडी मारली आहे त्यांनी आणि ज्यांनी विचार करून मारली नाही त्यांनीही लिहा प्लीज.

कवडसा:

मी चार वर्षांपूर्वी क्रॉपवरून फुल फ्रेमवर आले आणि एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. मला माणसांचे फोटो काढायला आवडतात, लहान खोलीत, खिडकीच्या उजेडात. क्रॉपवर ३५ लावली की ती ५२ सारखी वागायची आणि खोलीत मागे सरकायला जागाच उरायची नाही. आता ३५ म्हणजे ३५. शिवाय व्ह्यूफाइंडर! डी५६०० चा पेंटामिरर (आरशांचा व्ह्यूफाइंडर) ९५ टक्के फ्रेम दाखवतो आणि तीसुद्धा बोगद्याच्या टोकाला असल्यासारखी छोटी. फुल फ्रेम मिररलेसला (आरशाऐवजी आत छोटा स्क्रीन असतो) डोळा लावला की पडद्यासमोर बसल्यासारखं वाटतं, एक्स्पोजर आधीच दिसतं. याचा फोटो काढण्याच्या इच्छेवर परिणाम होतो, आणि छंदात ती इच्छाच सगळ्यात महत्त्वाची. जमत असेल तर घ्या.

रानवाट:

माझं उलटं. पक्षी आणि जंगल. मी दोन वेळा फुल फ्रेम हातात घेऊन परत ठेवला. कारण साधं आहे, ३०० मिमी लेन्स क्रॉपवर ४५० सारखी फ्रेम देते. लेन्स लांब होत नाही हे मान्य, फक्त मधला तुकडा घेतला जातो, पण माझ्या २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवर त्या तुकड्यात पूर्ण २४ मेगापिक्सेल आहेत. २४ च्या फुल फ्रेमवर तोच तुकडा कापला तर साधारण १० च उरतात. लांब फांदीवर बसलेल्या किंगफिशरसाठी हा फरक फार मोठा आहे. ४५ मेगापिक्सेलची बॉडी घेतली तर हिशोब बराचसा भरून निघतो पण मग ती बॉडी, त्या फाइल्स, ते कार्ड, सगळंच वरच्या मजल्यावर जातं.

आणि वजन. पायवाट, तुमचा आत्ताचा सेट म्हणजे बॉडी ४६५ ग्रॅम आणि ७०-३०० साधारण ४१५, म्हणजे किलोच्या आत. झेड५ ला झेड ७०-२०० एफ २.८ लावलात तर दोन किलोच्या वर जातं. तालमीत तीन तास हातात धरायचंय हे लक्षात ठेवा.

नवाशिका:

फुल फ्रेम म्हणजे 'फुल' नक्की कशाच्या मानाने? कायम ऐकतो पण विचारलं नव्हतं कधी.

अंधारखोली:

चांगला प्रश्न. ३६ बाय २४ मिमी. हे माप फिल्मवरून आलंय. सिनेमाची ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यात उभी धावायची आणि तिची फ्रेम साधारण २४ बाय १८ ची. ऑस्कर बारनॅकने लायकाचा नमुना बनवताना, १९१३-१४ च्या सुमाराला, तीच फिल्म आडवी सरकवली आणि दोन फ्रेमएवढी जागा एका फोटोला दिली. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि हे माप रूढ झालं. गंमत अशी की त्या काळी मोठ्या प्लेटवर काम करणारे लोक याला 'मिनिएचर' म्हणायचे. आज जे 'फुल' ते तेव्हा छोटं. डिजिटलमध्ये एवढा मोठा सेन्सर बनवणं महाग होतं म्हणून बहुतेक डीएसएलआर लहान सेन्सरवर निघाले, कॅननचा वन-डीएस २००२ मध्ये आला आणि ५डी २००५ मध्ये, तेव्हा कुठे हौशी माणसाच्या नजरेच्या टप्प्यात फुल फ्रेम आला. मिररलेसमध्ये २०१३ चा सोनी ए७.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी फुल फ्रेम घेतला तो वडिलांच्या ५० मिमी साठी. फिल्मच्या काळातली मॅन्युअल लेन्स, फोकसची रिंग अजून लोण्यासारखी फिरते. क्रॉपवर ती ७५ व्हायची, म्हणजे त्यांनी ज्या नजरेने आम्हा भावंडांचे फोटो काढले ती नजरच मिळायची नाही. आता अ‍ॅडॅप्टर लावून, फोकस पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणारं) चालू करून, तीच चौकट दिसते. याला तांत्रिक कारण म्हणता येणार नाही पण माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

शटरदादा:

पायवाट, एक विचारतो. हॉलमध्ये तू ७०-३०० साधारण किती मिमीवर वापरतेस आणि तेव्हा अ‍ॅपर्चर किती असतं?

पायवाट:

आत्ता बघितलं, बहुतेक १३० च्या आसपास, अ‍ॅपर्चर एफ ५.

शटरदादा:

मग ऐक. तू दोन कॅमेऱ्यांची तुलना केलेलीच नाहीस, तू दोन लेन्सची तुलना केली आहेस.

एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. एफ ५ वरून एफ १.८ वर आलीस म्हणजे जवळपास ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), आठपट उजेड. ६४०० चा आयएसओ थेट ८०० वर. हे सगळं लेन्सने केलं. आता सेन्सरचा वाटा बघ. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, तुझ्या क्रॉपचं ३६७ च्या आसपास, म्हणजे सव्वादोनपटीच्या थोडं वर, म्हणजे साधारण १.२ स्टॉप. त्याच पिढीचे दोन सेन्सर घेतले तर फुल फ्रेमवर ६४०० ला काढलेला फोटो क्रॉपवर २८०० ला काढल्यासारखा दिसतो. फरक आहे, डोळ्याला दिसतो, मी नाकारत नाही. पण तू जे बघून गप्प झालीस त्यात ३ स्टॉप काचेचे आणि सव्वा स्टॉप सेन्सरचा होता.

आणि तो सव्वा स्टॉप सुद्धा फुकट मिळत नाही. फुल फ्रेमवर ८५ लावून जी चौकट मिळते ती क्रॉपवर मिळवायला साधारण ५७ मिमी लागेल. ८५ ला १.८ ने भाग, ४७ मिमीचं भोक. ५७ ला १.८ ने भाग, ३१-३२ मिमीचं. एफ नंबर एकच असला तरी भोक मोठं म्हणून एकूण उजेड जास्त आत येतो, आणि भोक मोठं म्हणूनच डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प येणारी खोली, कमी होते. पाच मीटरवरच्या माणसावर फुल फ्रेमला ८५ एफ १.८ ची डेप्थ साधारण ३७ सेंमी, त्याच चौकटीला क्रॉपवर साधारण ५५. एकटी मुलगी असेल तर ३७ मजेत चालेल. पण दोघी मागेपुढे उभ्या असतील आणि दोघीही शार्प हव्या असतील तर फुल फ्रेमवर अ‍ॅपर्चर एफ २.७-२.८ पर्यंत बंद करावं लागेल, मग तेवढाच आयएसओ वाढवावा लागेल आणि तो सव्वा स्टॉप जिथून आला तिथे परत गेला. डेप्थ कमी चालत असेल तरच फुल फ्रेमचा अंधारातला फायदा तुझ्या पदरात पडतो. हे कुणी विकताना सांगत नाही म्हणून इतकं लांबण लावलं.

पायवाट:

दादा, हे वाचून मी ते फोटो परत उघडले. खरंच, दोघींच्या फ्रेममध्ये मागची मुलगी सगळीकडे मऊ आलीये. मी ते बोके (मागचा मऊ धूसरपणा) म्हणून कौतुकाने बघत होते पण तालमीच्या फोटोत तिच्या आईला ती दिसायला हवी ना.

अंधारखोली:

मैत्रिणीची ८५ नक्की कुठली आहे? झेड माउंटची की जुनी ८५ १.८जी, अ‍ॅडॅप्टरवर?

पायवाट:

काका, मधे एक गोल जाडसर अ‍ॅडॅप्टर आहे. एफटीझेड लिहिलंय त्यावर.

अंधारखोली:

मग झालं तर! ती एफ माउंटची, म्हणजे निकॉनच्या डीएसएलआरची, लेन्स आहे. एफ माउंटची फ्लँज (लेन्स बसते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर) ४६.५ मिमी आणि झेडची १६, मधलं अंतर भरायला तो अ‍ॅडॅप्टर. तो काढ आणि लेन्स तुझ्या डी५६०० वर सरळ लाव. ती एएफ-एस आहे, मोटर लेन्समध्येच आहे, तुझ्याकडे ऑटोफोकस चालेल. पुढच्या तालमीला तीच घेऊन जा, बॉडी तुझी. मग इथे येऊन सांग.

(जाता जाता, जुन्या लेन्स घेणाऱ्यांसाठी: एएफ-डी वाल्या, म्हणजे ज्यांचा फोकस बॉडीतल्या स्क्रूने फिरतो, त्या एफटीझेडवर ऑटोफोकस करत नाहीत. डी५६०० वरही नाहीत. स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका.)

मिणमिण:

तालमीचा विषय आहे म्हणून एक गोष्ट, कारण मी यात पूर्ण शो घालवलाय. हॉलमध्ये एलईडी किंवा ट्यूब असतील तर मिररलेसच्या सायलेंट शटरच्या मोहात पडू नका. वीज ५० किंवा ६० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमी-जास्त होतात, आणि स्टेजच्या एलईडीचं तर स्वतःचं वेगळंच लुकलुकणं असतं. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, साध्या सेन्सरवर ते वाचन सावकाश होतं, आणि तेवढ्या वेळात दिवा अनेकदा लुकलुकून जातो. फोटोवर आडवे पट्टे. माझे जवळपास दोनशे फोटो असे पट्टेरी आले, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर कळलं पण नाही. आवाज झाला तरी चालेल, मेकॅनिकल शटर ठेवा, आणि बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करा. फुल फ्रेम असो की क्रॉप.

कवडसा:

शटरदादांचा हिशोब बरोबर आहे आणि वाचून मलाही माझं मत तपासावं लागलं. मला जे आवडलं त्यातलं बरंचसं फुल फ्रेमचं नव्हतंच, नव्या बॉडीचं होतं. ईव्हीएफ (व्ह्यूफाइंडरमधला स्क्रीन), हात हलला तरी सावरणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, चेहरा आणि डोळा पकडणारा फोकस. हे सगळं आज क्रॉपच्या मिररलेसमध्येही मिळतं, आणि उलट कॅननच्या आर८ सारख्या फुल फ्रेममध्ये बॉडी स्टॅबिलायझेशन नाहीच. त्यामुळे पायवाट, बॉडी बघताना 'सेन्सर किती मोठा' आणि 'बॉडी किती नवी' हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. माझ्या खिडकीच्या उजेडातल्या फोटोंना मात्र मोठा सेन्सर लागतोच, त्यावर मी ठाम आहे, त्वचेवरचा उजेड-सावलीचा उतार जसा येतो तो मला क्रॉपवर मिळाला नव्हता.

शटरदादा:

कवडसा, तो उतार दिसतो हे मलाही मान्य. कमी नॉइज (तो रवाळपणा) म्हणजे सावलीतल्या छटा एकमेकींपासून सुट्या राहतात.

पायवाट, अजून एक काम कर. लाइटरूमच्या लायब्ररी फिल्टरमध्ये गेल्या वर्षभरातले फक्त तुला आवडलेले, तारे दिलेले फोटो घे आणि फोकल लेन्थ आणि आयएसओ बघ. सगळे नाही, आवडलेलेच. अर्धा तास लागेल.

पायवाट:

केलं. तारे दिलेले ६१२ फोटो. त्यातले ३४० हे ९० ते १८० मिमीच्या मधले, म्हणजे मी उभी असते तिथून एकटी-दुकटी मुलगी. २४ च्या खालचे जेमतेम ७०. आयएसओ ३२०० च्या वरचे २६०, आणि ते सगळेच्या सगळे हॉलमधले. बाहेरच्या उजेडातल्या फोटोंबद्दल माझी काही तक्रारच नाही हे मला हे आकडे बघितल्यावर कळलं. वर्षभर मी 'माझा कॅमेरा कमी पडतोय' म्हणत होते, पण तो कमी पडत होता एका हॉलमध्ये, एका लेन्सवर.

रानवाट:

हे आवडलं. मीही आज रात्री मोजणार.

पायवाट:

तालमीहून आत्ताच आले, झोप येत नाहीये म्हणून लगेच लिहिते.

८५ माझ्या बॉडीवर लावली. पहिली अडचण, चौकट फारच जवळची, क्रॉपवर ती १२७ सारखी होते. मी खुर्च्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले, सातेक मीटरवर, तेव्हा पूर्ण मुलगी डोक्यापासून पायापर्यंत बसली. एफ २, शटर १/३२०, आयएसओ १०००. एक हजार! त्याच हॉलमध्ये! एक मुलगी मधल्या वेळात तोंडात पिना धरून केस वर बांधत होती, तिच्यावर फक्त दाराजवळच्या पिवळ्या दिव्याचा उजेड होता, कोपर वर, मान थोडी वाकलेली. आयएसओ १६०० ला काढला. मानेवरच्या बारीक सुटलेल्या बटा एकेक मोजता येतायत.

पण सगळं गोड नाही. फोकस. ७०-३०० वर एफ ५ ला जे चुकलेलं खपून जायचं ते एफ २ ला खपत नाही. गिरकी घेणाऱ्या मुलींचे दहा काढले तर चारेक नाकाऐवजी खांद्यावर. मैत्रिणीच्या बॉडीवर चेहरा पकडला जात होता तेव्हा हे प्रमाण नक्कीच कमी होतं. म्हणजे मला जी गोष्ट हवी आहे ती आहे, फक्त तिचं नाव मी चुकीचं घेत होते.

शटरदादा:

एएफ-सी (सतत मागोवा घेणारा फोकस) ठेव, मधल्या पॉइंटवर लॉक करून मग चौकट हलवायची सवय असेल तर ती सोड, एवढ्या कमी डेप्थमध्ये तेवढ्या हलण्यानेही फोकस सरकतो. पॉइंटच चेहऱ्यावर ने. आणि शटरचं बटण आणि फोकसचं बटण वेगळं करून बघ. थोडी सवय लागेल.

नॉइजचं म्हणशील तर डीएक्सओचं डीपप्राइम किंवा लाइटरूममध्ये २०२३ ला आलेलं एआय डीनॉइज तुझ्या जुन्या ६४०० वाल्या रॉ फाइल्सवर चालवून बघ. जेपेग नाही, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल. केसांचं जे टेक्श्चर गेलं म्हणतेस त्यातलं काही परत दिसायला लागेल. फार ओढू नकोस मात्र, चेहरे मेणाचे होतात.

जोडगोळी:

सेकंडहँड ८५ बघत असाल तर माझा अनुभव कामी येईल. मी एक लेन्स फोटो बघून घेतली, बाहेरून नवीकोरी, आणि उजवी बाजू कायम मऊ. आतली काच एका बाजूला कलली होती, बहुधा पडलेली असणार, विकणाऱ्याने हात वर केले. त्यानंतर मी ठरवलंय की स्वतःची बॉडी आणि कार्ड घेऊन जायचं, विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा आणि चारही कोपरे १०० टक्क्यांवर बघायचे. मागून मोबाइलचा टॉर्च मारून काचेत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का बघायचं. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. बॉडी घेत असाल तर शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा), आणि एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोकस नसलेला फोटो, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

अंधारखोली:

+१. आणि बुरशीवाली लेन्स 'साफ करून देतो' म्हणाले तरी नको. काचेवरचं कोटिंग एकदा खाल्लं गेलं की परत येत नाही.

पायवाट:

चार महिन्यांनी परत येतेय, ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना सांगायला हवं.

८५ १.८जी घेतली, सेकंडहँड, जोडगोळींनी सांगितल्याप्रमाणे विटांची भिंत आणि टॉर्च दोन्ही करून. ३५० ग्रॅमची आहे, मनगट दुखत नाही. फोकस आणि शटरचं बटण वेगळं केलं, पहिले दोन आठवडे बोटं गोंधळली, आता दहातले दोनच चुकतात.

शोच्या दिवशी मैत्रिणीने झेड५ पुन्हा वापरायला दिला होता. तेव्हा लक्षात आलं की फुल फ्रेमवर ८५ बाल्कनीच्या रांगेतून मुली लांबच दाखवते, क्रॉप मोडवर टाकली तर १० मेगापिक्सेल. मग तीच ८५ माझ्या बॉडीवर लावून मुलींचे काढले आणि तिच्या बॉडीवर माझी ३५... ती डीएक्स (फक्त क्रॉप सेन्सरपुरती), तिथेही क्रॉपच झाला! रुंद स्टेजसाठी शेवटी तिचीच २४-५० वापरली. म्हणजे आज फुल फ्रेम घेतला असता तर माझ्या तीन लेन्सपैकी एकही त्याचा पूर्ण सेन्सर वापरू शकली नसती, हे मी आधी नीट धरलंच नव्हतं. आता निदान एक आहे जी वापरू शकते. बॉडी पुढच्या वर्षी बघेन, आणि तेव्हा आधी फोकस बघेन, मग सेन्सर.

केस बांधणाऱ्या मुलीचा तो फोटो १२ बाय १८ इंचात प्रिंट करून तिच्या आईला दिला. स्क्रीनवर १०० टक्क्यांवर जो थोडा नॉइज दिसत होता तो कागदावर शोधूनही सापडला नाही. आईने फोटो उजेडाकडे तिरका धरला आणि मानेवरच्या त्या बटांवरून बोट फिरवलं, म्हणाली हिचे केस अगदी माझ्या आईसारखे आहेत, आत्ताच कळलं मला.

काका, तुमच्या वडिलांच्या ५० ने काढलेला एखादा फोटो दाखवाल का? तेव्हाचा एक आणि आत्ताचा एक.

अंधारखोली:

दाखवतो. तेव्हाची निगेटिव्ह स्कॅन करायची आहे, रविवारी बसतो.